मदत हवी आहे: मक्याला (कॉर्न स्नेक) किती दिवसांनी खायला द्यायचं?

आधीच सांगते, 'साप' हा शब्द वाचूनच अंगावर काटा येत असेल तर इथूनच मागे फिरा, राग नाही.

भावाने तीन महिन्यांपूर्वी त्याचा कॉर्न स्नेक माझ्या गळ्यात मारला (हो, विनोद कळतोय मला). नर आहे, दोन वर्षांचा, ३१० ग्रॅम, साधारण साडेतीन फूट. नाव मक्या, दुसरं काय ठेवणार? भाऊ दर पाच दिवसांनी एक उंदीर द्यायचा, तेच मी चालू ठेवलं. उंदीर गोठवलेला, वीसेक ग्रॅमचा. पण वाचायला बसले तर कुठे सात दिवस, कुठे दहा, कुठे चौदा. डोकं फिरलं.

आता खरी अडचण. शनिवारी त्याने खाल्लं. रविवारी भाची आली, 'एकदाच हातात घेऊ दे' म्हणून मागे लागली, मी काढलं बाहेर. सोमवारी सकाळी पेटीत अख्खा उंदीर ओकलेला. वासाबद्दल विचारू नका. आज गुरुवार. हा काचेला नाक लावून इकडून तिकडे फिरतोय, उपाशी असेल या विचाराने जीव तुटतो. आज देऊ का?

प्रतिसाद १
माझा तर मागेल तेव्हा खातो. भूक असेल तरच तोंड लावेल ना? द्या बिनधास्त.

प्रतिसाद २
ताई, वरचं ऐकू नका. कॉर्न स्नेक समोर आलेलं बहुतेक वेळा खातोच, पोट भरलंय की नाही याचा विचार करत नाही. काचेजवळच्या येरझाऱ्यांना भूक समजू नका. माणूस आला की खाणं येतं एवढं त्याला पक्कं कळलेलं असतं.

आज अजिबात देऊ नका. ओकताना पाचक रसही बाहेर पडतात आणि अन्ननलिका दुखावते. किमान दहा ते चौदा दिवस फक्त स्वच्छ पाणी. मग नेहमीच्या निम्म्याहून लहान उंदीर, तोही एकच. तो पचला की पुढचा थोडा मोठा. घाईने दिलं तर पुन्हा ओकतो, आणि असं दोन-तीनदा झालं की साप झपाट्याने खंगतो. दुसऱ्यांदा ओकला तर घरगुती उपाय न करता सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा, विष्ठा तपासून घ्या.

खाल्ल्यानंतर ४८ तास हात लावायचा नाही. भाची असो नाहीतर कोणी असो.

प्रतिसाद ३
नुसत्या हाताळण्याने ओकला असेलही, पण मला तापमानाची शंका येते. साप आपल्यासारखी अंगात उष्णता तयार करत नाही, बाहेरून घेतो. पेटी थंड असेल तर उंदीर पोटात पचण्याऐवजी सडायला लागतो, मग तो बाहेर टाकण्यावाचून त्याला गत्यंतर नसतं. गरम बाजूला किती अंश आहे? अंदाजाने नको, मोजून सांगा.

उंदीर कसा वितळवता तेही लिहा. रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, मग पिशवीत घालून गरम पाण्यात. आतून गार राहिलेला उंदीर हेही ओकण्याचं कारण असतं. मायक्रोवेव्ह तर कधीच नको.

धागाकर्ती
वितळवणं तसंच करते. तापमान मात्र... लाज वाटते सांगायला. गरम बाजूला २४ निघालं. हीट मॅटची पिन सैल होती, किती दिवसांपासून देव जाणे.

प्रतिसाद ३
सापडला चोर! गरम बाजू २८ ते ३०, थंड बाजू २२-२४ ठेवा, म्हणजे हवं तिथे तो स्वतः जाऊन बसेल. मॅटला थर्मोस्टॅट लावाच, नाहीतर उद्या उलटं होऊन भाजेल.

प्रतिसाद २
आता मूळ प्रश्न. अंड्यातून नुकत्याच आलेल्या पिल्लाला पाच ते सात दिवसांनी एक पिंकी, म्हणजे बिनकेसांचं उंदराचं पिल्लू. वाढत्या वयात आठवड्याला एकदा. वाढ मंदावली की दहा ते चौदा दिवसांनी. उंदीर सापाच्या सर्वात जाड भागाएवढा किंवा जरासा मोठा. मक्याची गाडी रुळावर आली की दर दहा दिवसांनी द्यायला सुरुवात करा.

पण दिवस मोजण्यापेक्षा साप बघा. अंग खालून सपाट, वरून गोलसर हवं. कणा धारेसारखा वर आला तर रोडावलाय. शेपटी सुरू होते तिथे दोन्ही बाजूंना फुगवटे दिसले, किंवा वळताना खवल्यांमधली कातडी उघडी पडली, तर लठ्ठ झालाय. उपासमारीपेक्षा लाडाने बिघडलेले पाळीव कॉर्न स्नेकच मी जास्त पाहिलेत. झाकणाच्या डब्यात घालून स्वयंपाकघरातल्या काट्यावर महिन्यातून एकदा वजन घ्या, वहीत लिहा. (काटा नंतर धुवा. हातही, साबणाने.)

धागाकर्ती
वळताना कातडी दिसते हो. मी त्याला 'गुटगुटीत' म्हणत होते.

प्रतिसाद १
मीही आत्ता माझा बघून आलो. गुटगुटीतच आहे. 'मागेल तेव्हा' हा शब्द मागे घेतो.

धागाकर्ती (तीन आठवड्यांनंतर)
बारा दिवस थांबले. सोपं नव्हतं, रोज काचेपाशी येऊन बघायचा. मग सात ग्रॅमचा उंदीर दिला आणि खोलीचं दारच लावून घेतलं. पाचव्या दिवशी पेटीत शी सापडली! मी घरभर ओरडत सांगत सुटले, कोणालाच माझ्याएवढा आनंद झाला नाही. गरम बाजू आता २९ वर आहे.

पुढचं खाणं उद्या द्यायचं ठरवलं होतं, पण आज डोळे दुधाळ निळसर दिसताहेत आणि रंगही मळकट झालाय. देऊ की थांबू?

प्रतिसाद २
कात टाकणार आहे. या दिवसांत त्याला धड दिसत नाही, चिडचिडा होतो, बरेच साप खातही नाहीत. बुडून बसता येईल असं पाण्याचं भांडं ठेवा. कात पडली की शेपटीचं टोक आणि डोळ्यांवरचे पापुद्रे निघालेत ना तेवढं तपासा, दुसऱ्या दिवशी उंदीर द्या.