गुगल आणि ॲपल खरंच एकमेकांचे वैरी आहेत का?

चहाबाज: अँड्रॉइड भारी की आयफोन म्हणून आपण इथे हमरीतुमरीवर येतो, आणि तिकडे गुगलने आयफोनच्या सफारी ब्राउझरमध्ये डीफॉल्ट (आधीपासूनच लावलेलं) सर्च राहायला २०२२ मध्ये ॲपलला २० अब्ज डॉलर दिले, मग स्पर्धा कसली ही?

खवचट_काका: साटंलोटं आहे नुसतं. भांडायला आपण आहोतच की 😀

निशाचर: पण काका, अमेरिकन कोर्टाने ऑगस्ट २०२४ मध्ये गुगलची सर्चमधली मक्तेदारी बेकायदा ठरवलीच ना?

खवचट_काका: ठरवली रे, पण सप्टेंबर २०२५ ला काय झालं, क्रोम विकायची सक्ती नाही, पैसे देणंही चालू, फक्त एक्स्क्लुझिव्ह (गुगलच ठेवायचं, दुसरं नाही असे) करार बंद आणि थोडा सर्च डेटा स्पर्धकांना द्यायचा. शिक्षा म्हणायची का याला?

पेठेतली: सेटिंगमध्ये जाऊन सर्च बदलतंय कोण? म्हणून तर एवढे मोजतात. इथे कुणी बदललंय का, खरं सांगा.