यकृताच्या मूलपेशींपासून इन्सुलिन: हा उपचार घ्यावा का?

मुक्ता_स: नमस्कार. माझ्या भाच्याला पहिल्या प्रकारचा मधुमेह आहे. यकृतातील मूलपेशी काढून, त्यांना इन्सुलिन तयार करायला लावून पुन्हा शरीरात सोडण्याचा उपचार एका खासगी केंद्राने सुचवला असून खर्च काही लाखांचा आहे. जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

अपर्णा_द: मुक्ताताई, यामागचे विज्ञान खोटे नाही. यकृत आणि स्वादुपिंड गर्भात एकाच थरापासून घडतात, त्यामुळे एकाच्या पेशी दुसऱ्याच्या कामाकडे वळवता येतील, ही कल्पना जुनी आहे. इस्राएलच्या सारा फर्बर यांच्या गटाने २००० मध्ये पीडीएक्स-१ हे स्वादुपिंडाच्या घडणीला चालना देणारे जनुक उंदरांच्या यकृतात विषाणूमार्फत पोहोचवले, तेव्हा तेथे इन्सुलिन तयार होऊन साखर उतरली. २००२ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात यकृतातील ओव्हल पेशी, म्हणजे तेथील मूलपेशी, भरपूर ग्लुकोजमध्ये वाढवून आणि उंदरांत बसवून असाच परिणाम मिळवण्यात आला. मात्र पहिल्या प्रयोगातील उंदरांना मधुमेह औषध टोचून झालेला होता आणि दुसऱ्यातील उंदरांना प्रतिकारशक्ती जवळजवळ नव्हतीच. आपल्या भाच्याच्या शरीरात इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर त्याचीच प्रतिकारशक्ती तुटून पडते, आणि नव्या पेशी कोठूनही आल्या तरी तिने त्यांना सोडावे असे कारण दिसत नाही. खरी अडचण येथे आहे, आणि जाहिरातीत नेमकी हीच गाळलेली असते.

विनायक_कु: माणसांवर यश मिळाले आहे, परंतु ते वेगळ्या वाटेने. व्हर्टेक्स या अमेरिकी औषध कंपनीच्या चाचणीत गर्भमूलपेशींपासून तयार केलेल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी पूर्ण मात्रेत घेतलेल्या १२ जणांपैकी १० जण वर्षभराने इन्सुलिनशिवाय राहू शकले, असे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या पेशी यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून सोडतात, म्हणजे यकृत तेथे केवळ जागा देते. शिवाय प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू ठेवावी लागतात. इन्सुलिन सुटले तरी जंतुसंसर्गाची टांगती तलवार राहते, आणि वाढत्या वयाच्या मुलासाठी मला हा सौदा फायद्याचा वाटत नाही.

मुक्ता_स: मग केंद्राला नेमके काय विचारावे?

अपर्णा_द: भारतीय क्लिनिकल चाचणी नोंदणीतील क्रमांक आणि नीतिसमितीची मान्यता लेखी मागावी. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मधुमेहासाठी मूलपेशींचा वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो, आणि तेथे रुग्णाकडून उपचाराचे शुल्क घेतले जात नाही. लाखोंची मागणी झाली, तर पुढचे प्रश्न विचारण्याची गरजच उरत नाही.

विनायक_कु: तोच पैसा सतत ग्लुकोज मोजणाऱ्या सेन्सरवर खर्च करावा. रात्री साखर खाली घसरली की तो इशारा देतो, आणि घरच्यांना निदान झोप लागते.