मुख्य शिडाची खोळ आणि हाताळणी : दोघांच्याच बळावर बोट चालवायची असल्यास काय बसवावे?

खांदेरीवाला :

सप्रेम नमस्कार. आमची ३१ फुटी, एका डोलकाठीची जुनी बोट ऑक्टोबर ते मे मुंबई बंदरात मुरिंगवर (तळाशी नांगरलेल्या तरंगत्या बोयाला बांधून) असते आणि पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असते. बोटीवर मी आणि माझी पत्नी असे दोघेच असतो. मी ६४ वर्षांचा असून माझ्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. पुढचे शीड फर्लरवर गुंडाळले जात असल्यामुळे त्याचा त्रास नाही. सगळी झटापट मुख्य शिडाशी होते.

गेल्या महिन्यात खांदेरीहून परतल्यावर, दुपारचा खारा, म्हणजे समुद्रावरून येणारा, वारा ऐन भरात असताना, शीड उतरवण्यासाठी मी केबिनच्या छपरावर गेलो. शीड निम्म्यावर येऊन अडले. ते दोन्ही हातांनी खाली खेचत असताना एका लाँचची लाट आडवी आली, दातांत धरलेले बांधायचे पट्टे पाण्यात गेले आणि मी बूमला, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेच्या आडव्या दांड्याला, मिठी मारून उभा राहिलो. पत्नीने नाळ (बोटीचे पुढचे टोक) वाऱ्यावर धरून ठेवली म्हणून निभावले. तेव्हापासून तिचे म्हणणे एकच आहे : काहीतरी व्यवस्था करा, नाहीतर यापुढे मांडव्याला फेरीबोटीने जाऊ या.

सध्याची साधी खोळ उन्हाने विरली असल्यामुळे नवी शिवून घ्यायचीच आहे. तेव्हा लेझी बॅग घ्यावी, डचमन पद्धत बसवावी, की शीड डोलकाठीत अथवा बूममध्ये गुंडाळण्याची सोय करावी? शीड पाच वर्षांचे असून त्याला आखूड बॅटन (शीड ताठ ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्या) आहेत.

मतलई :

आपण खोळीविषयी विचारले आहे, परंतु आपली अडचण खोळीची नाही. ‘शीड निम्म्यावर येऊन अडले’ हे आपलेच वाक्य पुन्हा वाचावे. जे शीड स्वतःच्या वजनाने खाली येत नाही, त्याच्याखाली कितीही उत्तम बॅग टांगली तरी आपल्याला छपरावर चढावेच लागेल.

म्हणून आधी एक परीक्षा करावी. वारा पडलेला असताना सकाळी मुरिंगवरच शीड पूर्ण चढवावे आणि हॅलयार्ड, म्हणजे शीड चढवण्याचा दोर, एकदम मोकळा सोडावा. शीड हात न लावता निदान दोन तृतीयांश खाली आले पाहिजे. न आल्यास डोलकाठीची खाच गोड्या पाण्याने धुवावी, प्रत्येक स्लाइड (शिडाची पुढची कड खाचेत धरणारा सरकता तुकडा) बोटाने फिरवून तडा गेला आहे का ते पाहावे आणि टोकावरची हॅलयार्डची कप्पी मोकळी फिरते का याची खात्री करून घ्यावी. खाचेत ग्रीस मात्र मुळीच लावू नये; बंदरातली काजळी आणि मीठ त्यात बसून महिन्याभरात त्याची लापशी होते. सुका टेफ्लॉनचा फवारा पुरेसा असतो. एवढे करूनही शीड अडत असेल, तर खाचेत बसणारी गुळगुळीत प्लास्टिकची पट्टी आणि तिच्यावर धावणारे, शिडाला जोडायचे सरकते तुकडे मिळतात. खर्च बराच आहे, पण माझ्या मते बोटीवर केलेल्या खर्चांपैकी सार्थकी लागलेला तो एकच.

त्यानंतर आपल्यासाठी लेझी बॅग योग्य ठरेल. तिच्या दोन्ही बाजू बूमला कायम जोडलेल्या असतात, वरच्या काठांत लांब काठ्या असतात आणि डोलकाठीवरून आलेले लेझी जॅकचे दोर त्या काठ्यांना धरून बॅग उघडी ठेवतात. शीड दोरांच्या मधोमध उतरते आणि आपण सावकाश, बोट शांत झाल्यावर, चेन ओढून घेता. डचमन पद्धतीत शिडातून उभे नायलॉनचे तंतू ओवलेले असतात आणि शीड त्यांच्यावरून घड्या पडत उतरते. ते दिसायला सुरेख असते, परंतु त्यासाठी चांगल्या शिडाला भोके पाडावी लागतात आणि खोळीलाही तंतूंसाठी चिरा ठेवाव्या लागतात. पाच वर्षांच्या शिडाला मी ते करणार नाही.

लेझी जॅकची खोड चढवताना कळते. नाळ जरा जरी वाऱ्यावरून ढळली, तरी बॅटनचे टोक दोरात अडकते आणि हॅलयार्ड ओढणाऱ्याला वाटते की शीड जड झाले. म्हणून दोर कायमचे ताणून बांधू नयेत; ते डोलकाठीवरील क्लीटवरून (दोर अडकवायच्या खुंटीवरून) ढिले करता आले पाहिजेत, म्हणजे चढवण्यापूर्वी ते पुढे डोलकाठीशी आणून अडकवता येतात. दोरांची वरची टोके डोलकाठीऐवजी स्प्रेडरवर (डोलकाठीच्या दोन्ही बाजूंच्या आडव्या दांड्यांवर) थोडी बाहेर बांधली, तरी मधली वाट रुंद होते.

एक क्रम मात्र चुकवू नये. नवे सरकते बसवायचे असतील तर ते आधी बसवावेत आणि बॅगेचे माप नंतर द्यावे, कारण सरकत्यांमुळे डोलकाठीजवळची घड्यांची रास उंच होते. मी उलटे केले होते. आज माझ्या बॅगेची चेन पुढच्या दीड हातात लागत नाही आणि तेथे कावळ्यांची वस्ती असते.

सोलेंटकर :

मी साउदॅम्प्टनला राहतो. येथील भाड्याच्या बोटींवर डोलकाठीत गुंडाळले जाणारे शीड सर्रास आढळते, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो. कॉकपिटमधून न हलता हवे तेवढे शीड आखडता येते, हे सुख खरे आहे. परंतु अशा शिडाला आडवे बॅटन चालत नाहीत, त्यामुळे त्याची मागची कड आत वळवून कापावी लागते आणि क्षेत्रफळ व ओढ दोन्ही कमी होतात. शीड जुने होऊन पोट सुटले की गुंडाळताना त्याला चुण्या पडतात आणि ते फटीत अडकते. तेही वारा वाढलेला असताना, म्हणजे नेमके नको तेव्हा. गुंडाळताना खालच्या मागच्या टोकाच्या दोरावर हलका ताण ठेवणे, ही सवय अंगी बाणवावी लागते.

बूममध्ये गुंडाळण्याची पद्धत मला अधिक पटते, कारण यंत्रणा बिघडली तरी शीड नेहमीसारखे खाली घेता येते. मात्र बूमचा डोलकाठीशी असलेला कोन अचूक राखावा लागतो, आणि नवा बूम व नवे शीड मिळून होणारा खर्च तीस-एकतीस फुटी जुन्या बोटीला शोभणारा नाही. मतलई यांच्या मताशी मी सहमत आहे.

मांडवीकाठ :

कापडाविषयी थोडेसे. तंतूतच रंग मिसळलेले ॲक्रिलिक, उदाहरणार्थ सनब्रेला, आपल्याकडच्या उन्हात चांगले टिकते. आधी उसवते ती शिवण. माझ्या खोळीचे कापड धडधाकट असताना तिसऱ्या हंगामात टाके बोटाने सुटू लागले, कारण शिवणाऱ्याने साधा पॉलिएस्टरचा दोरा वापरला होता. पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) दोरा महाग असला तरी तोच मागावा, आणि चेन जाड प्लास्टिकच्या दातांची घ्यावी. बॅगेच्या तळाला पाणी निथळण्यासाठी जाळी ठेवण्यास सांगावे. पावसाळ्यापूर्वी शीड काढून, धुऊन, वाळवूनच घरी न्यावे. बॅगेत राहिल्यास बुरशीचे डाग पडतात आणि ते जात नाहीत.

खांदेरीवाला :

आपणा सर्वांचा आभारी आहे. रविवारी सकाळी मतलई, म्हणजे जमिनीवरून येणारा, वारा पडल्यावर परीक्षा केली. शीड बरोबर स्प्रेडरच्या उंचीवर थांबले. खालून चौथी आणि पाचवी स्लाइड तडकलेली निघाली, आणि खाचेत इतके मीठ होते की ओल्या फडक्यावर पांढरा थर आला. स्लाइड बदलून पुन्हा पाहीन आणि खोळीचे माप तोपर्यंत देणार नाही. तोवर केवळ पुढच्या शिडावर मांडव्याला जाऊन यावे, असे पत्नीने सुचवले आहे, आणि ते मला मान्य आहे.