तबला: बरोबरीत स्वच्छ, दुगुनीत बोल मोडतात. क्लास बदलावा का?

कुडाळचो बापूस

मुलगा 11 वर्षांचा आहे. कुडाळला खाजगी क्लासला तबला शिकतो. आठवड्यातून एकदा, एक तास, सहा मुलं एकत्र. गांधर्व महाविद्यालयाची प्रारंभिक परीक्षा झाली, आता प्रवेशिका प्रथमची तयारी. तीनतालातला (16 मात्रांचा ताल) 'धाधा तिट धाधा तूना, ताता तिट धाधा धीना' हा कायदा (घोटायची ठरलेली बोलरचना) बरोबरीत, म्हणजे मात्रेला एक अक्षर, छान वाजतो. दुगुन, म्हणजे मात्रेला दोन अक्षरं, घेतली की तिसऱ्या-चौथ्या आवर्तनात (तालाच्या फेरीत) 'तिट'मधला 'ट' गायब होतो, खांदा वर चढतो आणि लय पळते. रोज पाऊण तास बसतो, आळस नाही. गुरुजी तीन महिने पुढचा कायदा देत नाहीत, हाच घोटायला सांगतात. गावच्या भजनात तो मृदंगही वाजवतो आणि आता चतुर्थी जवळ आली आहे.

क्लास बदलू, की एकट्याची शिकवणी लावू? मला तालातलं कळत नाही, तर घरी मी नेमकं काय बघायचं?

लयकार

या एवढ्या कारणावरून क्लास बदलू नका. पुढचा कायदा न देणारे गुरुजी बहुतेक वेळा बरोबर असतात. हात मोडत असताना नवे बोल दिले की तोच दोष नव्या बोलांतही जातो, आणि मग तो काढायला दुप्पट वेळ लागतो. पण नुसतं 'घोट' म्हणणंही पुरेसं नाही. कुठे मोडतंय आणि का, हे विद्यार्थ्याला कळायला हवं.

या कायद्यात ते ठिकाण ठरलेलं आहे. 'ति' मधल्या बोटाने शाईवर (कातड्यावरचा काळा गोल), 'ट' तर्जनीने शाईवर. त्यापुढचे दोन्ही 'धा' तर्जनीनेच, पण चाटेवर (कातड्याची कड). पुढचे 'तू' आणि 'ना' पुन्हा तर्जनीच. म्हणजे 'ट धा धा तू ना' ही पाच अक्षरं एकच बोट सलग वाजवतं, तेही शाई, चाट, शाई, चाट असं फिरत. लय वाढली की बोट पुढच्या 'धा'कडे आधीच धावतं आणि 'ट' नुसता स्पर्शून जातो. (घराण्यागणिक बोटं बदलतात. तुमच्या गुरुजींनी दिलेला निकास, म्हणजे बोल वाजवायची पद्धत, तीच ठेवा.)

म्हणून पूर्ण कायदा शंभरदा वाजवून हे सुटत नाही. 'तिटधा' एवढंच घ्यायचं, तीन अक्षरं, सलग पाच मिनिटं. मग 'तिट धाधा'. मग 'तिट धाधा तूना'. बोट चाटेपासून जेमतेम बोटभर उचलायचं आणि हालचाल मनगटाच्या वळणातून यायला हवी. बोट आपटून वेग आणायला गेलं की खांदा चढणारच.

दुसरं, 60 च्या लयीत बरोबरी म्हणजे मिनिटाला 60 अक्षरं, दुगुन म्हणजे 120. मधल्या पायऱ्या न चढता मुलाला एकदम दुपटीवर टाकलं जातंय. मेट्रोनोमवर बरोबरीच ठेवा आणि लय 60, 66, 72 अशी सहा-सहाने वाढवा. एका पायरीवर दोन-तीन दिवस. ज्या पायरीला 'ट' जातो तिथून दोन पायऱ्या खाली यायचं आणि त्या दिवशी तिथेच थांबायचं. मोडलेल्या लयीत बैठक कधीही संपवू नये, कारण हाताला शेवटचं वाजलेलंच बसतं. 120 ला बरोबरी स्वच्छ झाली की मेट्रोनोम 60 वर आणा आणि तेच वाजवा. हीच दुगुन. हाताला त्यात नवीन काही नसतं, फक्त मात्रेचा हिशेब बदलतो.

समेवर

लयकार यांच्याशी सहमत, पण सहा मुलांच्या तासाबद्दल बोलायला हवं. सगळी मुलं एकदम वाजवत असतील तर कोणाचा 'ट' जातोय हे कुठल्याही कानाला कळणार नाही. अशा वर्गातही चांगलं शिकवता येतं. एक जण वाजवतो, बाकीचे पाच हातावर ताल देऊन तेच बोल म्हणतात, आणि प्रत्येकाला एकट्याने सहा-सात मिनिटं मिळतात. तुमच्या क्लासात असं होतं का, ते आधी बघा. होत नसेल तर गुरुजींना नम्रपणे सांगा, 'तासाच्या शेवटी याला पाच मिनिटं एकट्याला ऐकाल का?' बहुतेक गुरुजी आनंदाने ऐकतात. एकट्याची शिकवणी लावायचीच असेल तर याच गुरुजींकडे पंधरवड्यातून एकदा अर्धा तास मागा. दोन गुरुजींचे दोन निकास या वयात हाताला झेपत नाहीत.

'प्रगती कशी आहे' असंही विचारू नका, उत्तर 'ठीक आहे' एवढंच येईल. 'या आठवड्यात घरी कोणती ओळ, कोणत्या लयीत, किती वेळ' असं विचारा आणि उत्तर वहीत लिहून घ्या. गुरुजींना तीन महिने हे सांगता आलं नाही, तरच क्लास बदलण्याचा विचार करा.

घरी तुम्ही काय बघायचं? पढंत. तबला बाजूला ठेवून मुलाने तोंडाने बोल म्हणायचे आणि हातावर 1, 5, 13 ला टाळी, 9 ला खाली द्यायची. बरोबरीत 'ताता'वर हात बाजूला जायला हवा, तीच खाली. दुगुनीत पूर्ण कायदा 8 मात्रांत संपतो, म्हणून 9 व्या मात्रेला, खालीच्या वेळी, कायदा पहिल्या 'धाधा'पासून पुन्हा सुरू झाला पाहिजे. हे कोणालाही डोळ्यांनी दिसतं, ताल कळावा लागत नाही. ज्या लयीत तोंडात बोल अडखळतात त्या लयीत हातातून ते येत नाहीत, तेव्हा आधी पढंत दुरुस्त करा. परीक्षेतही हातावर ताल देऊन बोल म्हणायला लावतात, ती तयारी यातच होते.

खर्जातलो सा

मृदंग बंद करायला लावू नका. भजनात बसून मुलाला गाणाऱ्याबरोबर समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) यायची जी सवय लागते ती क्लासात मिळत नाही. फक्त दोन्हींचा हात वेगळा आहे. मृदंगावरचा 'धा' पूर्ण पंजाच्या थापेचा, डावं तोंड कणीक लावलेलं, आवाज भरदार. तबल्यावरचा 'धा' म्हणजे तर्जनी चाटेवर, अनामिका शाईच्या कडेला अलगद टेकलेली, आणि डावा हात डग्ग्यावर. मृदंगावरून उठून मूल थेट तबल्यावर बसलं की पंजा मोकळा पडतो, अनामिका उचलली जाते आणि 'ना' बोथट होतो.

म्हणून क्रम पाळा. आधी तबला, मग मृदंग. रात्री भजन असेल तर तबला दुपारी किंवा संध्याकाळी उरकायचा. चतुर्थीत घराघरांत आरत्या-भजनं चालतात, बुवा उंच पट्टीत गातात, टाळ-झांजांच्या आवाजात मूल जोर लावतं. त्या दिवसांत कायद्याची लय वाढवायची नाही. सकाळी 15 मिनिटं 60 ला 'तिटधा', एवढंच. हात बसाक वेळ लागता, तो देवा.

पागोळी

वाद्याकडेही बघा. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, ओलावा धरते, सैल पडते, सूर उतरतो आणि 'ट' दबका येतो. मूल मग जोरात मारतं, तोही खांदा चढण्याचा भाग असू शकतो. बैठकीआधी गजऱ्यावर (पुडीभोवतीची कातडी वेणी) हातोडीने हलके ठोके द्या, एक ठोका दिला की दुसरा बरोबर समोरच्या घरावर (गजऱ्याच्या भागावर). 16 घरं एका सुरात यायला हवीत. एवढ्याने सूर चढला नाही तरच गट्टे (कडेचे लाकडी ठोकळे) खाली सरकवा. शाईला हातोडी लागू देऊ नका. चुलीजवळ किंवा कडक उन्हात वाळवू नका, शाईला चिरा जातात. खोळ घालून कपाटात ठेवा. पाऊस संपून हवा कोरडी झाली की पुडी आपोआप ताणते, तेव्हा पावसाळ्यात खाली नेलेले गट्टे वर घ्या, नाहीतर चाटेला पुडी फाटते.

कुडाळचो बापूस

सगळ्यांचे आभार. पढंत आज करून बघितली. दुगुनीत खालीच्या वेळी तो 'धाधा'ऐवजी 'तूना'वर असतो. आणि मेट्रोनोम वापरू की लेहरा (तालाच्या फेरीत फिरणारी सुरावट)?

लयकार

म्हणजे खालीपर्यंत तो तीन मात्रा पुढे धावतोय. लय पळते असं जे वाटतं ते हेच असणार. आधी पढंतच घ्या, तबला दोन दिवस फक्त 'तिटधा'साठी.

तुकड्यांना मेट्रोनोम, पूर्ण कायद्याला लेहरा. लेहऱ्यात सम ऐकू येते, त्यामुळे चुकलं तर कुठून धरायचं हे मुलाला कळतं. मेट्रोनोमच्या सगळ्या टिकटिकी सारख्याच. लेहरा लावल्यावर पहिलं आवर्तन वाजवायचं नाही, नुसती टाळी-खाली द्यायची, दुसऱ्या समेपासून कायदा उचलायचा.