३.१ टक्क्यांची बातमी सगळ्यांना सांगायची गरज होती का?

निवांतराव:
२०२४ वायआर४ हा लघुग्रह आठवतोय ना? २७ डिसेंबर २०२४ ला चिलीतल्या अ‍ॅटलास दुर्बिणीला सापडला आणि जानेवारी संपता संपता बातम्या सुरू, की २२ डिसेंबर २०३२ ला पृथ्वीवर आदळायची शक्यता १ टक्क्याच्या वर, मग २ च्या वर, १८ फेब्रुवारीला थेट ३.१, आणि पुढच्या आठवड्याभरात धपकन जवळपास शून्य. माझं म्हणणं सरळ आहे, हे शास्त्रज्ञांनी आपापसात ठेवायचं होतं. कक्षा पक्की होऊ द्या मग बोला ना. रोज नवा आकडा ऐकून सामान्य माणसाने करायचं काय? असं चार वेळा झालं की लांडगा खरंच येईल तेव्हा कोणी ढुंकूनही बघणार नाही.

खगोलवेडी:
आपापसात ठेवणार कसं पण? जगभरातली लघुग्रहांची निरीक्षणं गोळा करणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरकडे आलेली निरीक्षणं खुली असतात, जरा गणित येणारा हौशी माणूससुद्धा घरी बसून कक्षा काढू शकतो. नासा वेगळा हिशेब करते, युरोपची अवकाश संस्था एसा वेगळा, इटलीतली कक्षा मोजणारी निओडिस सेवा वेगळा. एकाने तोंड बंद ठेवलं की दुसरीकडून आकडा येणारच आणि मग वर "लपवलं लपवलं" अशी बोंब. झाकली मूठ वगैरे इथे चालत नाही, मूठ आधीपासूनच उघडी आहे. शिवाय १० मीटरपेक्षा मोठा दगड आणि शक्यता १ टक्क्याच्या वर गेली की जगाला कळवायचं हे आधीच ठरलेलं आहे, २९ जानेवारीला तेच झालं.

निवांतराव:
डेटा खुला असणं वेगळं आणि तारखेसकट डांगोरा पिटणं वेगळं. १९९८ चं एक्सएफ११ या लघुग्रहाचं प्रकरण बघा. ११ मार्चला जाहीर केलं की २०२८ मध्ये हा पृथ्वीच्या फार जवळून जाणार, धडक नाकारता येत नाही, आणि दुसऱ्याच दिवशी पालोमार वेधशाळेचे १९९० चे जुने फोटो सापडले, विषय खतम. एक दिवस कळ काढली असती तर काय बिघडलं असतं?

खगोलवेडी:
अहो, पण ते जुने फोटो शोधले कोणी आणि का? जाहीर झालं म्हणूनच तर लोकांनी कपाटं उघडली!! तुम्ही दिलेलं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातंय निवांतराव.

आकडेमोड:
मध्येच बोलतो. मूळ घोळ असा आहे की टक्केवारी चढली म्हणजे धोका वाढला असं लोकांना वाटतं. होतं काय, की सुरुवातीला दगड त्या दिवशी नेमका कुठे असेल ते माहीत नसतं, काही लाख किलोमीटर लांबीचा एक पट्टा मिळतो, त्यात कुठेतरी पावणेतेरा हजार किलोमीटरची आपली पृथ्वी, मग निरीक्षणं वाढली की पट्टा आखडतो आणि पृथ्वी अजून त्याच्या आतच असेल तर तिचा वाटा आपोआप मोठा दिसतो, म्हणून १ चे २, २ चे ३, आणि मग एका रात्री पट्ट्याचं टोक पृथ्वीच्या अलीकडे सरकतं की सगळं गडगडतं. १९ फेब्रुवारीला १.५ आणि २० ला ०.२८ झालं ते असंच. अपोफिस या लघुग्रहाचंही २००४ च्या डिसेंबरमध्ये २.७ पर्यंत जाऊन हेच झालं होतं, फक्त तेव्हा सगळं जग त्सुनामीच्या बातम्यांत होतं म्हणून फारसं कोणाच्या लक्षात नाही.

आणि हे सगळ्यांनी वाचायलाच हवं, वायआर४ ला टोरिनो स्केलवर, म्हणजे धडकेच्या धोक्याच्या ० ते १० मोजपट्टीवर, ३ मिळाले होते, त्या ३ च्या व्याख्येतच लिहिलंय की नव्या निरीक्षणांनंतर बहुधा हा ० वर जाईल. आकडा छापला, पुढचं वाक्य गाळलं. शास्त्रज्ञांना कशाला धरता, मथळे लिहिणाऱ्यांना धरा.

शंकासुर:
त्याच व्याख्येत हेही आहे की भेट दहा वर्षांच्या आत असेल तर जनतेने आणि सरकारांनी लक्ष घालणं योग्य. २०३२ दहा वर्षांच्या आतच येतं. म्हणजे सांगायलाच हवं होतं.
पण माझी तक्रार वेगळीच आहे. दगड जमिनीवर कुठे पडू शकतो त्या पट्ट्याचा नकाशा टाकला, पॅसिफिकपासून दक्षिण अमेरिका, आफ्रिका करत दक्षिण आशियापर्यंत, आणि त्या लोकांनी काय करायचं ते कोणीच बोललं नाही. नुसती भीती पाठवली.

चोखंदळ:
शंकासुर +१. आणि यान आदळवून दगड ढकलायला जाऊन धक्का कमी पडला तर दगड त्याच पट्ट्यावर दुसऱ्या देशात पडणार. नासाच्या डार्ट यानाने २०२२ मध्ये धडक देऊन डायमॉर्फस या छोट्या लघुग्रहाची त्याच्या मोठ्या जोडीदाराभोवतीची फेरी ३२-३३ मिनिटांनी कमी केली हे भारी आहे मान्य, पण कोणाच्या डोक्यावरून कोणाच्या डोक्यावर सरकवायचं हा निर्णय चार शास्त्रज्ञांनी बंद खोलीत घ्यायचा का? म्हणूनच मला गुप्तता अजिबात नको.

निवांतराव:
गुप्तता नाही हो, थोडी सबुरी म्हणतोय मी.

आकडेमोड:
सबुरीला वेळ कुठे होता? २०२५ च्या वसंतानंतर तो इतका अंधूक होणार होता की परत दिसायला २०२८ उजाडणार. तोपर्यंत थांबलात आणि धोका खरा निघाला तर यान बनवून पोचवायला हातात उरतात चार वर्षं. टक्केवारी चढली म्हणूनच वेब अवकाश दुर्बिणीचा तातडीचा वेळ मिळाला आणि साधारण ६० मीटर हा आकार कळला, आधी ४० ते ९० म्हणत होते.

खगोलवेडी:
आणि सामान्य माणसाने करायचं काय याचं उत्तर रशियातल्या चेल्याबिन्स्कमध्ये आहे. १५ फेब्रुवारी २०१३, जेमतेम २० मीटरचा दगड, सूर्याच्या दिशेने आला म्हणून कोणालाच आधी दिसला नाही. आकाशात लख्ख उजेड पडला, लोक काय झालं बघायला खिडकीशी गेले, आणि मिनिट-दोन मिनिटांनी धक्क्याची लाट आली आणि त्याच काचा तोंडावर फुटल्या. दीड हजारांच्या आसपास जखमी, बहुतेक काचेनेच. "उजेड दिसला तर खिडकीपासून लांब व्हा" एवढं माहीत असतं तरी पुरे होतं, त्याला यान लागत नाही.

निवांतराव:
हे मात्र पटलं, असं काहीतरी सांगा की लोकांना! पण माझा मुद्दा मी सोडत नाही, तारीख आधी आणि खुलासा नंतर ही पद्धत चूकच. १३ एप्रिल २०२९ ला अपोफिस जमिनीपासून ३२ हजार किलोमीटरवरून जाईल, धडकणार नाही हे पक्कं ठाऊक असूनही मथळे कसे येतात ते बघाच.

शंकासुर:
त्या दिवशी तो काही भागांतून नुसत्या डोळ्यांनी दिसणार आहे, मी मथळे वाचत नाही बसणार.