स्कोअर शून्य होता, तरी मी फोन केला. चुकलं का?

रात्रपाळी
काल इथं एका निवासी डॉक्टरांनी लिहिलं, "सिस्टरनी व्हायटल्स (पल्स, बीपी, श्वास, ताप, ऑक्सिजन) नीट नोंदवाव्यात, न्यूज स्कोअर (या नोंदींना गुण देऊन पेशंट किती बिघडलाय ते सांगणारी बेरीज) ५ झाला की फोन करावा. 'पेशंट बरा दिसत नाही' हे कारण होऊ शकत नाही." दोन ओळींत उत्तर देऊन माझं समाधान होणार नव्हतं, म्हणून वेगळा धागा काढला.

पोटाच्या ऑपरेशननंतरची पहिली रात्र. पेशंट साठीचे, बीटा ब्लॉकर (पल्स वाढू न देणारं औषध) चालू. पल्स ८८, बीपी ११२, ऑक्सिजन ९६, ताप नाही, श्वास २०. स्कोअर शून्य. ड्रेन, म्हणजे पोटात साठलेलं रक्त बाहेर आणणारी नळी, कोरडी. पण ते सारखी चादर पायानं ढकलत होते. बसवा म्हणायचे, बसवलं की आडवं करा. पायाला हात लावला, तर गुडघ्यापर्यंत गार. लघवीच्या पिशवीत दोन तासांत ३० मिली. वजन ७० किलो, म्हणजे तासाला निदान ३५ मिली तरी हवी.

डॉक्टरांना फोन केला. "सिस्टर, स्कोअर किती?" शून्य म्हटल्यावर "मग सकाळी बघू." पाऊण तासानं बीपी ८४. ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं तेव्हा पोटात रक्त साठलेलं, ड्रेन गुठळीनं बंद. पेशंट वाचले. पण ती पाऊण तासाची वाट अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

निवासी
ती पोस्ट माझी. एकच विचारतो. तो २० श्वास कोणी मोजला?

रात्रपाळी
दहा वाजता सहकाऱ्यानं लिहिला होता. फोन ठेवल्यावर मी पूर्ण मिनिट मोजला. २६.

निवासी
मग स्कोअर कुठे चुकला? श्वास २५ किंवा त्याच्या वर गेला की एकट्या त्याचेच ३ गुण. एका रकान्यात ३ आले की एकूण ५ ची वाट न बघता तातडीनं कळवायचं, हे २०१२ च्या पहिल्या न्यूजपासून आहे. माझ्या पोस्टमध्ये मी ते लिहिलं नाही, ती चूक माझी. पण तुमच्या गोष्टीत स्कोअर हरला नाही, मोजणी हरली.

रात्रपाळी
मान्य. पण मी परत मोजायला गेले ते कशामुळे? गार पायामुळेच ना? आणि २६ कळवायला दुसरा फोन केला, तो कोणी उचलला नाही. तेही लिहा.

जुनी_सिस्टर
श्वासाचा विषय निघालाच आहे तर बोलते. कुठल्याही वॉर्डचे चार्ट उघडा. १८, २०, १८, २०. न्यूमोनियाचा पेशंट २०, हर्नियाचा पेशंट २०. माणसं आहेत की घड्याळं? बीपीला मशीन, ऑक्सिजनला बोटावर चिमटा. श्वासाला मशीन नाही, म्हणून तो खुर्चीत बसून लिहिला जातो. आणि बिघडणाऱ्या पेशंटमध्ये बहुतेकदा आधी तोच बदलतो.

ब्रदर_ऑर्थो
ऑक्सिजन ९६ बघून निश्चिंत होणाऱ्यांचा मला राग येतो. मॉर्फिन दिलेला पेशंट, नाकात ऑक्सिजन. श्वास मिनिटाला ८, तरी चिमटा ९७ दाखवतो, कारण वरून ऑक्सिजन चालूच आहे. आत कार्बन डायऑक्साइड साठतोय ते चिमट्याला कळत नाही. हाक मारल्यावर वाक्य अर्धवट सोडून डोळे मिटले, तर ती पहिली खूण.

एकटी_पाळीवर
सगळे शहाणपण शिकवताय. मिनिटभर श्वास मोजायला वेळ कोणी देतं का? २००२ मध्ये नर्सिंग संशोधक लिंडा एकेन यांचा अभ्यास आला: नर्समागे एक सर्जिकल पेशंट वाढला की ३० दिवसांत मृत्यूची शक्यता सरासरी ७ टक्क्यांनी वाढते. मी एकटीनं अख्खा वॉर्ड सांभाळलाय. तेव्हा २० मीही लिहिलाय. लाज वाटते, पण लिहिलाय.

जुनी_सिस्टर
माणसं कमी आहेत हे खरंच. पण मग रकाना रिकामा ठेव. रिकामा दिसला तर पुढची मोजेल. खोटा २० दिसला तर कोणीच मोजणार नाही.

एकटी_पाळीवर
रिकामा ठेवला तर सकाळी मेमो मिळतो. २० लिहिलं तर काही होत नाही. हे कोणी घडवलं?

निवासी
यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण आकड्यापेक्षा अनुभवी 'नजर' बरी असं जे चाललंय त्याचीही दुसरी बाजू ऐका. गुडघा बदललेल्या एका बाई, चौथा दिवस. सिस्टर म्हणाल्या, "घाबरल्यात, काल मुलगी आली नाही म्हणून." मीही मान डोलावली. पल्स ११८ होती. फुप्फुसात गुठळी निघाली. सिस्टर पंधरा वर्षांच्या अनुभवी होत्या. म्हणून मी आकड्याला चिकटतो.

शिकवणारी
नर्स निर्णय कसा घेते याची क्रिस्टीन टॅनर यांची २००६ ची मांडणी इथं उपयोगी पडते: आधी लक्षात येणं, मग अर्थ लावणं, मग कृती, मग मागे वळून बघणं. त्या सिस्टरना अस्वस्थता दिसली होती. चूक अर्थ लावताना झाली, एका कारणावर त्या थांबल्या. ऑपरेशननंतर कोणी 'घाबरलंय' असं वाटलं, तर आधी ऑक्सिजनची कमतरता, रक्तस्राव, वेदना, तुंबलेली लघवी वगळायची. भीती सगळ्यात शेवटी. आणि 'काळजी वाटते' हेही मोजता येतं. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी नर्सच्या काळजीमागच्या नऊ खुणा नोंदवल्या, त्यात श्वासातला बदल आहे, अस्वस्थता आहे, पेशंटचं स्वतःचं म्हणणंही आहे.

निवासी
ठीक. 'बरा दिसत नाही' एवढंच सांगू नका. "पाय गार, दोन तासांत ३० मिली लघवी, बीटा ब्लॉकरवर आहे, येऊन बघा" असं सांगा. मी येईन.

रात्रपाळी
त्या रात्री मी लघवी सांगितली होती, डॉक्टर. पाय गार आहेत हेही. ते ऐकण्याआधीच स्कोअर विचारला गेला.

निवासी
त्या रात्री मी असतो तर मीही आधी तेच विचारलं असतं. त्यापुढे काय बोलू.

एकटी_पाळीवर
आज ड्युटीवर आहे. तुमच्यामुळे सगळ्यांचे श्वास घड्याळ लावून मोजले. कोपऱ्यातल्या आजोबांचा संध्याकाळी २० लिहिलेला, आता २४. भाषाही थोडी विस्कळीत.

जुनी_सिस्टर
ही विस्कळीत भाषा कालपर्यंत नव्हती ना? मग तो नवा गोंधळ, एकट्या त्याचेच ३ गुण. कळवलंस?

एकटी_पाळीवर
हो. डॉक्टर जिना चढताहेत.