१५ किलोवॉटची मायक्रोग्रिड १२ किलोवॉटलाच का झोपते?

शून्यवाहक:
ग्रिडपासून तोडलेली सिस्टीम, सिंगल फेज, २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. १० आणि ५ किलोवॉटचे दोन इन्व्हर्टर एकाच बसवर (सामायिक तारांवर), दोन्ही ड्रूप मोडमध्ये (लोड वाढला की इन्व्हर्टर आपली फ्रिक्वेन्सी थोडी उतरवतो), उतार ०.०५ हर्ट्झ प्रति किलोवॉट. लोड १२ वर गेला की लहान इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवून बंद पडतो, पाठोपाठ मोठाही.

तिरपी_रेघ:
उतार सारखा ठेवलात, घोळ तिथेच आहे. स्थिरावल्यावर फ्रिक्वेन्सी अख्ख्या बसवर एकच असते, त्यामुळे उतार सारखा तर वाटाही सारखा: ६-६. लहानाला ६ झेपत नाहीत, आणि तो गेला की सगळे १२ मोठ्याच्या अंगावर. उतार रेटिंगच्या उलट प्रमाणात हवा. मोठ्याला ०.०५, लहानाला ०.१. मग ८ आणि ४ अशी वाटणी होऊन बस ४९.६ हर्ट्झवर थांबेल. नो-लोड (लोड नसतानाची) फ्रिक्वेन्सी दोन्हीकडे एकच ठेवा, लहानाची ०.१ ने वर राहिली तर त्याच्याकडे ४ ऐवजी जवळपास ४.७ जातात.

शून्यवाहक:
उतार बदलला, ट्रिपिंग थांबलं. पण लोड पूर्ण काढला तरी दोघांमधल्या केबलवर क्लॅम्प मीटर ६ अँपियर दाखवतो. डिस्प्लेवर किलोवॉट जवळपास शून्य!

मल्टिमीटर:
वॉट नाहीत पण अँपियर आहेत, म्हणजे रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर (काम न करता नुसती ये-जा करणारी) दोघांत फिरतेय. व्होल्टेज फ्रिक्वेन्सीसारखं सगळीकडे एक नसतं. इन्व्हर्टर एकेक करून चालवा आणि एकाच मीटरने दोघांचं टर्मिनल व्होल्टेज मोजा. त्यांच्या डिस्प्लेवर विसंबू नका, त्यांच्या सेन्सरमधला फरकच तर शोधायचाय. २ व्होल्टचा फरक आणि मधल्या वाटेचा इम्पीडन्स (प्रवाहाला होणारा अडथळा) ०.२ ओहम असेल, तर ड्रूपशिवाय १० अँपियर फिरतील. व्होल्टेज ड्रूपने (रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर वाढली की व्होल्टेज थोडं उतरवण्याने) ते कमी होतात, संपत नाहीत. आधी सेटिंग जुळवा. तरी लोडवर वाटणी बिघडली तर केबलच्या लांबीतला फरक बघा, मगच व्हर्च्युअल इम्पीडन्स (कंट्रोलने भासवलेला अडथळा) वाढवा. त्याने बसचं व्होल्टेज आणखी बसतं.

तिरपी_रेघ:
आणि ४९.६ बघून दोन्हीकडे फ्रिक्वेन्सी ५० ला आणणारा इंटिग्रेटर (फरक उरेपर्यंत दुरुस्ती वाढवत राहणारा कंट्रोल) चालू करू नका. दोन घड्याळं हुबेहूब जुळत नाहीत: एक चढवत राहतो, दुसरा उतरवत, आणि ८-४ ची वाटणी हळूहळू सरकत एकजण मर्यादेला टेकतो. दुरुस्ती एकाच कंट्रोलरने काढून दोघांना सारखीच पाठवावी, तीही काही सेकंदांच्या संथ गतीने.